घरचा इंकजेट प्रिंटर: यंत्राच्या बटणाने बंद करावा, बोर्डावरून करावा, की चालूच ठेवावा?

तिसरा_मजला (धागाकर्ता)

आमच्या घरी मुलांचे प्रकल्प, सोसायटीची पत्रे आणि अधूनमधून लागणाऱ्या आधार कार्डाच्या प्रती यांसाठी वाय-फाय असलेला इंक टँक प्रिंटर आहे. छपाई रोज होत नाही. एखाद्या आठवड्यात वीस-पंचवीस पाने निघतात आणि मग पंधरवडाभर त्याला कोणी हातही लावत नाही. या मधल्या काळात त्याला कोणत्या अवस्थेत ठेवावे, यावर आमच्याकडे एकमत होत नाही.

वडिलांच्या मते काम संपले की बोर्डावरचे बटण बंद झालेच पाहिजे, कारण दिवा पेटलेला दिसतो याचा अर्थ मीटर फिरतो आहे. ज्या दुकानातून प्रिंटर घेतला तिथे बजावले होते की हे यंत्र कधीच बंद करू नका, नाहीतर हेड, म्हणजे कागदावर शाई सोडणारा भाग, जाम होईल. माहितीपुस्तिका सांगते की यंत्रावरच्या बटणानेच बंद करा आणि दिवा पूर्ण विझेपर्यंत वीज तोडू नका. आपल्याकडे भिंतीवरच्या बहुतेक प्रत्येक सॉकेटला स्वतःचे बटण असते, त्यामुळे ते बंद करणे ही घराघरातली शिस्तच आहे. तेव्हा पुस्तिकेची ही सूचना आपल्या सवयीच्या नेमकी विरुद्ध जाते. जाणकारांनी कृपया हे सांगावे की बोर्डावरून बंद केल्याने खरोखर नुकसान काय होते, आणि बंद न केल्याने बिलात खरोखर भर किती पडते.

काळी_शाई

पुस्तिका बरोबर आहे. मात्र ती कारण सांगत नाही, म्हणून ती सूचना कोणी मनावर घेत नाही. प्रिंटर दुरुस्ती हा माझा व्यवसाय असल्याने कारण जरा विस्ताराने लिहितो.

इंकजेटच्या हेडला खालच्या बाजूने केसापेक्षाही बारीक छिद्रे असतात, त्यांना नोझल म्हणतात. एप्सनच्या एल ३११० आणि एल ३१५० या सर्रास दिसणाऱ्या मॉडेलांत काळ्या रंगाची १८० आणि बाकीच्या तीन रंगांची प्रत्येकी ५९ नोझल आहेत. कॅनन आणि एचपी यांच्या घरगुती प्रिंटरांत शाई क्षणभर तापवून वाफेच्या बुडबुड्याने थेंब बाहेर ढकलला जातो, तर एप्सन आणि ब्रदर यांच्या प्रिंटरांत विजेच्या दाबाने आकार बदलणारा पिझो घटक तो थेंब ढकलतो. पद्धत कोणतीही असो, नोझलच्या तोंडाशी असलेल्या शाईचा हवेशी संबंध येतोच, तिच्यातले पाणी उडून जाते आणि मागे राहिलेला रंग तोंड बुजवतो. हे टाळण्यासाठी बहुतेक यंत्रांत उजव्या टोकाला रबरी काठाची एक छोटी वाटी असते. तिला आम्ही कॅप म्हणतो. काम नसताना हेड त्या जागी जाऊन थांबते आणि कॅप वर येऊन नोझलचा सगळा भाग झाकून घेते. याच वाटीखाली एक पंप असतो, जो हेड क्लीनिंगच्या वेळी शाई ओढून घेतो.

आता यंत्राचे बटण दाबून प्रिंटर बंद करताना कान देऊन ऐका. बटण दाबताच दिवा लुकलुकू लागतो, हेड वाहून नेणारी आतली गाडी सरकत उजवीकडे जाते, लहान मोटर थोडी घरघरते, मग 'खट्' असा आवाज होऊन गाडी अडकते आणि त्यानंतरच दिवा विझतो. हे सगळे काही सेकंदांत आटोपते. तो 'खट्' म्हणजे हेडवर झाकण बसले आणि गाडीला कुलूप लागले. तुम्ही बटण दाबल्यावर यंत्र लगेच का बंद होत नाही, याचे उत्तर एवढेच आहे. बोर्डावरून वीज तोडली की ही क्रिया जिथे असेल तिथे थांबते. छपाई चालू असताना किंवा शेवटचा कागद नुकताच बाहेर पडल्यावर वीज तोडली, तर हेड वाटेत कुठेतरी उघडे राहते आणि पुढच्या वेळेपर्यंत वाळत बसते.

दुसरे नुकसान हळू होते, म्हणून ते दिसत नाही. अनेक प्रिंटर वीज पूर्ण तुटून परत आली की सुरुवातीला स्वतःची साफसफाई करतात, कारण मधल्या काळात किती वेळ गेला हे त्यांना कळलेले नसते आणि ते सावध बाजू घेतात. ती घरघर ऐकताना आपल्याला वाटते की यंत्र तयार होते आहे; प्रत्यक्षात ते शाई ओढून टाकत असते. ती शाई यंत्राच्या तळाशी असलेल्या शोषक पॅडमध्ये जाते, आणि किती गेली याचा हिशेब यंत्र ठेवते. तो आकडा भरला की प्रिंटर छापायचे थांबतो आणि पॅड बदलून घ्यावे लागते. काही नव्या मॉडेलांत हा पॅडचा डबा घरच्या घरी बदलता येतो, उदाहरणार्थ कॅननच्या जी ३०२० मध्ये. पण स्वस्त मॉडेलांत बहुधा सेवा केंद्राची वाट धरावी लागते.

तेव्हा वडिलांना सांगा की आधी यंत्राचे बटण दाबायचे, दिवा विझू द्यायचा, आणि मग हवे असेल तर बोर्डावरचे. त्यांचा आग्रहही राहतो आणि हेडही राहते. रोज छपाई असेल तर मात्र बोर्डाला हात न लावणे उत्तम.

घासाघीस

माझा अनुभव याच्या उलट आहे. कॉलेजात होतो तेव्हापासून प्रिंटर थेट बोर्डावरून बंद करत आलो आहे आणि हेड जाम झाल्याचे एकदाही आठवत नाही. हेडची भीती घालून लोकांना यंत्र चालू ठेवायला लावायचे, हा मला थोडा बाऊ वाटतो.

काळी_शाई

घासाघीस, तुमचा अनुभव खोटा नाही, पण त्याची दोन कारणे असू शकतात. छपाई संपून थोडा वेळ गेला की प्रिंटर चालू असतानाही हेड कॅपखालीच जाऊन बसते. म्हणजे कामानंतर चहा पिऊन येऊन तुम्ही बोर्ड बंद करत असाल, तर हेड तेव्हा झाकलेलेच असते. धोका असतो तो घाईने बंद करणाऱ्याला.

दुसरे कारण असे की जुन्या कार्ट्रिजवाल्या प्रिंटरांत हेड बहुधा कार्ट्रिजलाच चिकटलेले असते. एचपीच्या आणि कॅननच्या छोट्या प्रिंटरांत आजही ते तसेच आहे. हेड वाळले तरी पुढच्या कार्ट्रिजबरोबर नवे हेड येते, त्यामुळे दोष कळतच नाही. फक्त कार्ट्रिज 'लवकर संपले' असे वाटते. टँक प्रिंटरांत हेड यंत्रातच राहते आणि वर्षानुवर्षे तेच वापरायचे असते. काही टँक मॉडेलांत ते वापरणाऱ्याला बदलता येते, इतरांत ते बदलण्याचा खर्च ऐकून लोक नवा प्रिंटर घेतात. तेव्हा कार्ट्रिजच्या काळातली सवय टँकच्या यंत्राला लावू नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

वॅट_तास

बिलाच्या बाजूचा हिशेब मी मांडतो, कारण या चर्चेत विजेचा आकडा प्रत्येक जण मनाने धरतो.

घरगुती ऑल-इन-वन इंकजेट प्रत्यक्ष छापताना साधारण १० ते २० वॅट घेतो. छपाई संपून तयार अवस्थेत असताना ३ ते ६ वॅट, स्लीपमध्ये गेल्यावर १ वॅटच्या आसपास आणि यंत्राच्या बटणाने बंद केल्यावर ०.२ ते ०.३ वॅट, असे आकडे बहुतेक कंपन्यांच्या तपशीलपत्रकांत दिसतात. मॉडेलागणिक फरक पडतो, तेव्हा स्वतःच्या प्रिंटरचे पत्रक एकदा पाहावेच.

वर्षात ८,७६० तास असतात. म्हणजे १ वॅट वर्षभर सतत चालू राहिला तर ८.७६ युनिट होतात. सोपे जावे म्हणून युनिटला १० रुपये दर धरू. महावितरणच्या बिलात वहन आकार, इंधन समायोजन आणि वीज शुल्क मिळवून तुमच्या स्लॅबप्रमाणे तो कमी-अधिक पडेल. प्रिंटर बारा महिने स्लीपमध्ये ठेवला तर वर्षाला सुमारे ९० रुपये. बटणाने बंद करून बोर्ड चालू ठेवला तर २५ रुपयांच्या आसपास. बोर्डही बंद केला तर शून्य. म्हणजे दुकानदाराचा सल्ला आणि पुस्तिकेचा सल्ला यांत वर्षाला साधारण साठ-पासष्ट रुपयांचे अंतर आहे, आणि पुस्तिका व धागाकर्त्यांचे वडील यांच्यात पंचवीसचे. वेगळ्या शब्दांत सांगायचे तर बटणाने बंद केलेला प्रिंटर चाळीस दिवसांत जितकी वीज घेतो, तितकी ७५ वॅटचा जुना पंखा चार तासांत घेतो.

बिल खरोखर वाढते ते प्रिंटर स्लीपमध्ये जातच नसेल तर. तयार अवस्थेतले ४ वॅट वर्षभर धरले तर ३५ युनिट, म्हणजे ३५० रुपये होतात. संगणकावर छपाईच्या रांगेत एखादे काम अडकून पडले असेल, मेमरी कार्ड किंवा पेन ड्राइव्ह लावून ठेवला असेल किंवा कागद अडकल्याचा संदेश तसाच लुकलुकत असेल, तर काही प्रिंटर झोपत नाहीत. पाहायची गोष्ट ही आहे. आणि ज्यांना शिस्तच लावायची आहे त्यांनी आधी राउटरकडे पाहावे, तो ८ वॅटचा असेल तर वर्षाला ७० युनिट घेतो. अर्थात तो बंद करा असे सांगण्याची माझी घरात हिंमत नाही.

तिसरा_मजला (धागाकर्ता)

वॅट तास, आभारी आहे. हे घरी मोजून पाहता येईल का? बाजारात मिळणारे सॉकेटमध्ये लावायचे वॅटमीटर यासाठी चालतात का?

वॅट_तास

छपाईच्या वेळचा आकडा ते बऱ्यापैकी दाखवतात, पण १ वॅटच्या खाली स्वस्त वॅटमीटरवर विसंबू नये. अनेकदा ते सरळ शून्य दाखवतात. इतक्या कमी भाराला प्रवाहाचा आकार वेडावाकडा असतो आणि स्वस्त मीटरला तो नीट मोजता येत नाही. स्टँडबायची वीज कशी मोजावी यासाठी आयईसी ६२३०१ हे स्वतंत्र आंतरराष्ट्रीय मानकच आहे, यावरून हे काम किती नाजूक आहे ते कळेल.

दुसरा मार्ग घराच्या मीटरवरचा लाल दिवा हा आहे. मीटरच्या तोंडावर एका युनिटला किती स्पंद ते छापलेले असते. ३२०० असेल तर दिव्याची एक उघडझाप म्हणजे ०.३१ वॅट-तास. घरातले बाकी सगळे, फ्रिज आणि राउटरसकट, बंद केले आणि एकटा प्रिंटर तयार अवस्थेत ठेवला, तर ४ वॅटला पावणेपाच मिनिटांच्या आसपास एकदा दिवा लुकलुकतो. बटणाने बंद केलेल्या प्रिंटरला एका लुकलुकीसाठी तासभर लागेल आणि इतक्या लहान भाराची मीटर दखल घेईलच असेही नाही. वडिलांना मीटरसमोर खुर्ची टाकून बसवायचे असेल तर हा प्रयोग उत्तम आहे.

अकोल्याची_ऊन

इथे बोर्ड कोणी बंद करायचा हा प्रश्नच येत नाही, वीज स्वतःच जाते. तीस पानांचा कागद निघत असताना मध्येच वीज गेली तर काय करावे, हे कोणी सांगेल का? आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि त्या हवेत ओला टॉवेलही अर्ध्या तासात कडक होतो. शाईचे काय होत असेल याची कल्पना करा. कूलर लावला तर हवा दमट होते, शाईला बरे पडते, पण कागद मऊ पडून दोन-दोन एकदम ओढले जातात.

काळी_शाई

हा या धाग्यातला सर्वात महत्त्वाचा प्रश्न आहे, कारण बोर्डाचे बटण आपल्या हातात असते, वीज जाणे नसते.

छपाईच्या मध्येच वीज गेली की हेड मध्यावर उघडे राहते. आता गंमत अशी की बहुतेक इंकजेटचे बटण हे खरे विजेचे बटण नसते. ते यंत्राला फक्त इशारा देते. वीज परत आल्यावर असे यंत्र बंद अवस्थेतच राहते, आणि आपण 'बंदच आहे ना' म्हणून झोपून जातो. म्हणजे हेड रात्रभर, कधी आठवडाभर, उघडे राहते आणि बाहेरून यंत्र अगदी व्यवस्थित बंद दिसते. तेव्हा वीज आली की लगेच बटण दाबून प्रिंटर चालू करावा, आत अडकलेला कागद त्याच्या सूचनेप्रमाणे काढावा, गाडी उजवीकडे जाऊन बसू द्यावी आणि मग बटणानेच बंद करावा. हेड हाताने ओढून कडेला न्यायचा प्रयत्न करू नये. आतली पारदर्शक पट्टी, जिच्यावरून यंत्राला गाडीची जागा कळते, तिला बोटाचा तेलकट डाग लागला तर नवेच दुखणे सुरू होते.

काम अर्धवट राहिले म्हणून संगणकावरची रांगही रिकामी करावी, नाहीतर प्रिंटर चालू होताच तो उरलेली पाने अर्ध्या अक्षरांतून छापायला लागतो.

जिथे वीज वारंवार जाते तिथे इंकजेट घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनवर घेणे हा सोपा उपाय आहे. १५-२० वॅटचा भार इन्व्हर्टरला जाणवतही नाही, आणि अर्धवट पान पूर्ण होऊन हेड नीट झाकले जाते. लेसर प्रिंटर मात्र त्या लाइनवर घेऊ नये. त्यातला फ्यूजर कागदावरची पूड वितळवण्यासाठी २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो आणि त्या क्षणी यंत्र कित्येकशे वॅट ओढते. छोटा यूपीएस तिथल्या तिथे ट्रिप होतो.

आयपी_पत्ता

'ऑटो पॉवर ऑफ' या सोयीबद्दल अजून कोणी लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. यंत्र स्वतःहून बंद होते तेव्हा ते बटण दाबल्यासारखेच बंद होते, म्हणजे हेड झाकून. त्यामुळे घरातल्या विसरभोळ्यांसाठी ही सोय बोर्डापेक्षा कितीतरी चांगली आहे. अडचण अशी की ती प्रत्येक कंपनीत वेगळ्या नावाने आणि वेगळ्या अटींसह येते.

एचपीच्या अनेक घरगुती मॉडेलांत दोन तास काम नसेल तर यंत्र आपोआप बंद होते, परंतु वाय-फाय किंवा केबलने ते नेटवर्कला जोडले की ही सोय आपोआप निष्क्रिय होते. त्यामुळे यूएसबीवर असताना बंद होणारा प्रिंटर वाय-फायवर गेला की का बंद होत नाही, असे कोणी विचारले तर तो बिघाड समजू नये. कॅननमध्ये ऑटो पॉवर ऑफबरोबर ऑटो पॉवर ऑनही मिळते. काही मॉडेलांत संगणकावरून काम पाठवले की बंद यंत्र स्वतः जागे होते. धागाकर्त्यांसारखा तुरळक वापर असेल तर ही जोडी फार उपयोगी आहे. एप्सनमध्ये झोपण्याची वेळ आणि बंद होण्याची वेळ असे दोन वेगळे टायमर असतात. झोपेचा टायमर छोटा आणि बंद होण्याचा मोठा ठेवावा.

छोट्या पडद्याशिवायच्या मॉडेलांत हे पर्याय शोधताना लोक हैराण होतात. संगणकावर ड्रायव्हरच्या मेंटेनन्स विभागात ते बहुधा सापडतात. वाय-फाय प्रिंटर असेल तर राउटरच्या यादीतून प्रिंटरचा आयपी पत्ता शोधून तो ब्राउझरमध्ये टाकावा. अनेक प्रिंटरांचे स्वतःचे पान उघडते आणि त्यात ऊर्जाबचतीची सेटिंग असतात.

स्लीपमधून उठताना विंडोजवर 'प्रिंटर ऑफलाइन' दिसतो ही तक्रारही इथेच निकालात काढतो. बहुतेक वेळा प्रिंटर झोपलेला नसतो, तर राउटरने त्याला नवा पत्ता दिलेला असतो आणि संगणक जुन्याच दारावर टकटक करत असतो. राउटरमध्ये प्रिंटरचा पत्ता कायमचा राखून ठेवावा आणि संगणकावर प्रिंटर त्या पत्त्याच्या टीसीपी-आयपी पोर्टवर जोडावा. तरीही ऑफलाइन दिसत असेल तर त्या पोर्टच्या सेटिंगमधली एसएनएमपी स्टेटसची (प्रिंटरची स्थिती नेटवर्कवरून विचारण्याच्या सोयीची) खूण काढून पाहावी. 'ऑफलाइन जातो म्हणून स्लीपच नको' असे म्हणत प्रिंटर सदैव जागा ठेवणारे मी पाहिले आहेत. वर वॅट तास यांनी सांगितलेले ३५ युनिट असेच जातात.

ऱ्हाईनकाठ

जर्मनीतून लिहितो आहे. इथे भिंतीतल्या सॉकेटला बटण नसते, त्यामुळे काटकसरी लोक बटण असलेली एक्स्टेंशन पट्टी घेतात आणि रात्री संगणक, पडदा, प्रिंटर असे सगळे एकाच बटणाने बंद करतात. म्हणजे सवय वेगळ्या वाटेने आली, पण हेडचे नुकसान तेच. इथे युनिटला ३५ सेंटच्या आसपास पडतात, तरी बटणाने बंद असलेला प्रिंटर वर्षाला एक युरोही खात नाही.

बंद यंत्र एवढी कमी वीज घेते याला कायद्याची पार्श्वभूमी आहे. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने स्टँडबाय एका वॅटच्या आत आणण्याचा विचार पुढे मांडला. युरोपीय संघाने १२७५/२००८ या नियमाने २०१० पासून १ वॅट आणि २०१३ पासून ०.५ वॅट अशी मर्यादा घातली. नेटवर्कवर जोडून झोपलेल्या यंत्रांसाठी ८०१/२०१३ आला. त्यात सामान्य यंत्रांची मर्यादा २०१५ मध्ये ६ वॅट, २०१७ मध्ये ३ आणि २०१९ मध्ये २ वॅट अशी उतरत गेली, आणि वापर थांबल्यावर वीस मिनिटांच्या आत यंत्राने स्वतः त्या अवस्थेत जावे व वायरलेस जोडणी बंद करण्याची सोय वापरणाऱ्याला द्यावी, अशा अटीही आल्या. मे २०२५ पासून या दोन्हींच्या जागी २०२३/८२६ हा नियम लागू आहे. कंपन्या जगभर बहुधा तीच यंत्रे विकतात, त्यामुळे पुण्यात घेतलेल्या प्रिंटरलाही याचा लाभ मिळतो. वायरलेस बंद करण्याचा पर्याय मेनूत कोणी मागितला होता, असा प्रश्न पडणाऱ्यांसाठी हे उत्तर आहे.

सावंतवाडीकर_ताई

सगळे हेडबद्दल बोलत आहेत, पण आमच्याकडे वळवाच्या पावसात आणि ऑक्टोबरच्या शेवटी ज्या विजा पडतात त्यांचे काय? शेजारच्या घरी राउटर, टीव्ही आणि प्रिंटर एकाच कडाडण्याने गेले. मी तर ढग भरून आले की प्लगच काढते आणि ते चुकीचे आहे असे मला वाटत नाही.

काळी_शाई

ताई, तुमचे अगदी बरोबर आहे आणि पुस्तिकेतही विजांच्या वेळी प्लग काढायला सांगितलेले असते. अशा वेळी बोर्डावरचे बटण पुरत नाही, कारण ते एकच तार तोडते आणि त्यातली फट इतक्या मोठ्या दाबाला अडवू शकत नाही. प्लग काढणे हाच मार्ग आहे. फक्त ढग दिसायला लागले तेव्हाच यंत्राच्या बटणाने बंद करून मग प्लग काढावा. डोक्यावर कडाडायला लागल्यावर प्लगपाशी जाऊच नये, मग हेड उघडे राहो की झाकलेले. फॅक्स असलेल्या मॉडेलांत प्लग काढल्यावर घड्याळ आणि साठवलेले फॅक्स पुसले जाऊ शकतात, एवढे ध्यानात असू द्यावे.

निवांत_शनिवार

स्मार्ट प्लग लावून मोबाइलवरून बंद-चालू केले तर?

आयपी_पत्ता

इंकजेटसाठी तो पैसा वाया आहे. बंद करताना तो बोर्डासारखाच वीज तोडतो, आणि चालू केल्यावर बहुतेक प्रिंटर, वर काळी शाई यांनी सांगितल्याप्रमाणे, बंदच राहतात. बटण दाबायला उठावेच लागते. शिवाय स्मार्ट प्लग स्वतःच्या वाय-फायसाठी वीज घेतो आणि ती बंद प्रिंटरच्या ०.३ वॅटपेक्षा सहज जास्त भरते. कॅननचे ऑटो पॉवर ऑन किंवा एप्सनचा टायमर हे काम फुकट करतात.

तिसरा_मजला (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. वडिलांनी धागा वाचला, आणि यंत्राचे बटण आधी व बोर्डाचे नंतर, यावर तह झाला आहे. पंचवीस रुपये सोडायला ते तयार नाहीत. आता शेवटची शंका. मे महिन्यात आम्ही महिनाभर गावी असतो आणि निघताना मेन स्विच बंद करून जातो. प्रिंटरसाठी निघण्यापूर्वी आणि आल्यावर काय करावे?

काळी_शाई

निघण्याच्या आदल्या दिवशी चारही रंग असलेले एखादे पान छापा, म्हणजे नोझलमध्ये ताजी शाई येईल. नोझल चेकची पाटी (सगळी नोझल चालतात का हे दाखवणारी चाचणीची छपाई) काढली तरी चालते, तिला शाई जवळजवळ लागतच नाही. मग बटणाने बंद करून दिवा विझल्यावर प्लग काढा. मेन स्विच तुम्ही निघण्याच्या गडबडीत पाडणार, त्यामुळे प्रिंटर आदल्या दिवशीच आटोपलेला बरा. खिडकीच्या उन्हात तो ठेवू नका, आणि बाहेर काढून आडवा-तिरपा तर मुळीच करू नका.

परत आल्यावर थेट हेड क्लीनिंग लावायचा मोह आवरा. यंत्र चालू होताना स्वतः जी काही साफसफाई करते ती होऊ द्या आणि मग नोझल चेक काढा. पाटीवरच्या पायऱ्यांसारख्या बारीक रेघांत कुठे खंड नसेल तर काहीच करायचे नाही. एखाद्या रंगाच्या रेघा तुटक असतील तर एक क्लीनिंग आणि पुन्हा पाटी. असे तीनदा करूनही रेघा भरल्या नाहीत तर चौथ्यांदा करू नका, कारण मग पॅड भरते आणि हेडला फरक पडत नाही. एप्सनच्या पुस्तिकांत अशा वेळी किमान बारा तास न छापता थांबायला सांगितले आहे. तेवढ्या वेळात वाळलेली शाई कॅपमधल्या ओलाव्याने सैल पडते आणि नळीतले हवेचे बुडबुडे वर जातात. मोठी साफसफाई, जिला काही कंपन्या पॉवर क्लीनिंग म्हणतात, ती त्यानंतरच, आणि टाक्यांत पुस्तिकेत सांगितलेल्या खुणेइतकी शाई आहे हे पाहूनच लावा. ते बारा तास प्रिंटर यंत्राच्या बटणाने बंद केलेला असू द्या. बोर्ड त्या वेळी चालू आहे की बंद, याने काही बिघडत नाही.